इक्वलायझर लावूनही हेडफोनचा आवाज पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने पुढे जाते. गाणे दबलेले वाटते म्हणून इक्वलायझर, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय, उघडून बेस (खालचे स्वर) वाढवला जातो. बेस वाढला की गायकाचे शब्द मागे पडतात, म्हणून मधले बँड, म्हणजे मधल्या स्वरांचे पट्टे, वर सरकवले जातात. मधले बँड वाढले की आवाज कोंदट आणि टोचरा वाटू लागतो, म्हणून वरचे बँडही वाढवले जातात. आणि सगळे स्लायडर वरच्या टोकाला पोहोचले की आवाज फाटतो. मग सर्व काही शून्यावर आणले जाते आणि चार दिवसांनी तोच क्रम पुन्हा सुरू होतो. सकाळी स्पर्धा परीक्षेची व्याख्याने, दुपारी अहिराणी गाणी आणि रात्री कीर्तन, हे सारे एकाच मोबाइलवर व एकाच हेडफोनवर ऐकणारी मंडळी जळगाव-धुळ्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांना हा त्रास हेडफोन बदलल्यानंतरही होत राहतो. माझ्या मते याचे मूळ कारण असे, की आवाज का बदलला हे शोधण्याआधीच आपण स्लायडरला हात लावतो, आणि लावला की तो वरच नेतो.

वाढवत जाण्याची ही पद्धत का फसते, ते आधी समजून घेतले पाहिजे. मोठ्या पातळीचा खालचा स्वर त्याच्या वरच्या स्वरांना झाकून टाकतो. वरचा स्वर खालच्या स्वराला तितका झाकत नाही. हा आपल्या कानाच्या रचनेचाच गुण आहे. त्यामुळे ६० ते १२० हर्ट्झचा भाग (हर्ट्झ हे स्वराच्या उंचीचे माप; आकडा लहान तितका स्वर खालचा) जोरात वाढवला की ढोल आणि बेस मोठे होतात, आणि त्याबरोबरच गायकाच्या आवाजाला भरीवपणा देणारा वरचा भागही त्यांच्याखाली दबू लागतो. म्हणजे 'शब्द ऐकू येत नाहीत' ही तक्रार पुष्कळदा बेस वाढवल्यामुळेच निर्माण झालेली असते आणि तिच्यावर शब्दांचा बँड वाढवणे हा उपाय ठरत नाही.

दुसरे कारण डिजिटल ध्वनीचे आहे. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप; डिजिटल ध्वनीत ते कमाल पातळीपासून खाली मोजतात, म्हणून तिथे शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते आणि अलीकडची बहुतेक व्यावसायिक गाणी त्या मर्यादेला अगदी खेटूनच तयार केलेली असतात. एखादा बँड ६ डेसिबलने वाढवला की त्या भागातील लहरींची उंची जवळपास दुप्पट होते; वर जागाच शिल्लक नसल्याने त्यांचे माथे सपाट कापले जातात आणि तेच आपल्याला फाटलेला आवाज म्हणून ऐकू येते. काही मोबाइलमध्ये असे फाटणे टाळण्यासाठी आवाज आपोआप खाली दाबणारी व्यवस्था असते. तिथे लक्षण निराळे दिसते: ढोलाचा ठोका पडला की त्याच क्षणी गायिकेचा आवाज खाली बसतो आणि लगेच पुन्हा वर येतो. वरातीत आणि मिरवणुकीत मोठ्या स्पीकरवर वाजवण्यासाठी तयार केलेल्या गाण्यांत बेस मुळातच भरपूर असतो, त्यामुळे ही दोन्ही लक्षणे अशा गाण्यांत सर्वांत आधी जाणवतात.

स्लायडरला हात लावण्यापूर्वी

पहिली तपासणी थरांची करावी. आजच्या मोबाइलमध्ये आवाजावर एकाच वेळी तीन-चार ठिकाणी प्रक्रिया होत असते: मोबाइलच्या सेटिंग्जमधला इक्वलायझर, त्याच्याच शेजारचे डॉल्बी अ‍ॅटमॉस किंवा तत्सम परिणाम, हेडफोनच्या कंपनीच्या अ‍ॅपमधला इक्वलायझर आणि गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपचा स्वतःचा इक्वलायझर. यांतील दोन ठिकाणी 'बेस बूस्ट' चालू असेल तर त्यांची बेरीज होते, आणि आपण समोरच्या स्क्रीनवर ३ डेसिबल पाहत असताना प्रत्यक्षात ८ किंवा ९ डेसिबलची वाढ झालेली असू शकते. सॅमसंगच्या मोबाइलमध्ये सेटिंग्जमधील 'साउंड्स अँड व्हायब्रेशन' व त्यातील 'साउंड क्वालिटी अँड इफेक्ट्स' येथे हे सारे एकत्र सापडते. इतर कंपन्यांच्या मोबाइलमध्येही ते ध्वनीच्या सेटिंग्जमध्येच असते. सगळे थर बंद करावेत, सगळे स्लायडर शून्यावर आणावेत, आणि यापुढे इक्वलायझर कुठल्या एकाच ठिकाणी ठेवायचा ते ठरवावे. हेडफोनच्या कंपनीचे अ‍ॅप निवड हेडफोनमध्येच साठवत असेल तर मी तेच ठिकाण निवडण्याचा सल्ला देईन, कारण मग तोच हेडफोन लॅपटॉपला जोडला तरी जुळवणी त्याच्याबरोबर जाते.

दुसरी तपासणी कानाशी होणाऱ्या संपर्काची. कानात बसणाऱ्या इअरफोनचे रबर लहान पडले किंवा कडक झाले की फट राहते आणि त्या फटीतून सर्वांत आधी बेस निसटतो. ही गळती इक्वलायझरने भरून काढता येत नाही. मोठ्या मापाचे रबर लावून पाहिले तर बेस एका क्षणात परत येतो. डोक्यावरच्या हेडफोनच्या गाद्यांचेही तेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते तेव्हा घाम आणि उष्णता यांमुळे कृत्रिम चामड्याच्या गाद्या कडक होतात, त्यांना भेगा पडतात, आणि दोन उन्हाळे काढलेल्या हेडफोनचा बेस घटला तर तो बिघाड आतल्या ड्रायव्हरचा (आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा) नसून बहुधा गाद्यांचा असतो. एकाच कानात आवाज बारीक किंवा मंद येत असेल तर इअरफोनच्या जाळीत मळ किंवा धूळ अडकली आहे का, ते उजेडात धरून पाहावे आणि कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खालच्या बाजूला धरून, ती साफ करावी. टाचणीने कोरू नये. जाळी आत ढकलली जाते.

तिसरी तपासणी ब्लूटूथची. आवाज अचानक टेलिफोनसारखा चपटा झाला आणि वरचे सगळे स्वर नाहीसे झाले तर हेडफोन 'हँड्स-फ्री' पद्धतीवर गेला आहे, असे समजावे. कॉलसाठी माइक वापरात येतो तेव्हा हा बदल होतो. या पद्धतीत जुन्या कोडेकवर (कोडेक म्हणजे ध्वनी आकुंचित करून पाठवण्याची रीत) ध्वनीचे नमुने सेकंदाला ८,००० वेळा आणि सुधारित कोडेकवर १६,००० वेळा घेतले जातात, आणि नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापेक्षा वरचा स्वर त्यात मावूच शकत नाही. म्हणजे ४,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या वर काहीच उरत नाही. तिथे ट्रेबलचा (वरच्या स्वरांचा) स्लायडर कितीही वर नेला तरी वाढवायला काही नसते. ऑनलाइन वर्ग चालू असताना लॅपटॉपवर हा प्रकार फार होतो. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये माइक म्हणून हेडफोनऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडला की हेडफोन पुन्हा संगीताच्या पद्धतीवर येतो आणि आवाज पूर्ववत होतो.

कूलर, एसटी आणि खोली

खानदेशात या समस्येला एक ऋतुचक्र आहे आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मार्चच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंत घराघरांत कूलर चालू असतो. त्याच्या पंख्याची घरघर आणि पाण्याच्या पंपाचा आवाज मिळून एक सलग गोंगाट तयार होतो, ज्याचा जोर खालच्या स्वरांत असतो, आणि तो हेडफोनमधील बेसला व पुरुषी आवाजाच्या खालच्या भागाला झाकतो. गाणे पातळ वाटते, म्हणून बेस ५-६ डेसिबलने वाढवला जातो. जून-जुलैमध्ये कूलर बंद झाला की तेच गाणे त्याच जुळवणीवर बुदबुदल्यासारखे, कोंदट वाटू लागते आणि 'हेडफोन खराब झाला' असा निष्कर्ष निघतो. जळगावहून धुळ्याला एसटीने जाताना किंवा भुसावळ-सुरत मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये बसून जुळवलेला इक्वलायझर घरी आल्यावर चुकीचा वाटतो, तेही याच कारणाने. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतच असते.

म्हणून मूळ जुळवणी नेहमी शांत वेळी करावी. रात्री दहानंतर किंवा पहाटे, कूलर व पंखा बंद ठेवून. कूलरसाठी किंवा प्रवासासाठी निराळी जुळवणी हवीच असेल तर ती वेगळ्या नावाने साठवावी आणि मूळ जुळवणीला हात लावू नये. हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय, म्हणजे एएनसी, असेल तर कूलर आणि बस यांच्यावर तोच खरा उपाय आहे, कारण अशा सलग, खालच्या पट्टीतील गोंगाटावर ती सर्वांत चांगली चालते. मात्र एएनसी चालू-बंद केल्याने पुष्कळ हेडफोनचा बेस स्वतःच बदलतो; त्यामुळे ज्या स्थितीत ऐकणार त्याच स्थितीत जुळवणी करावी.

ऐकण्याच्या पातळीचाही असाच परिणाम होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना आपला कान खालचे स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत फार कमी ऐकतो आणि आवाज मोठा होत जाईल तसा हा फरक घटत जातो. रात्री घरचे झोपलेले असताना हळू आवाजात जुळवलेला बेस दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात जड वाटणारच. ज्या पातळीवर आपण रोज ऐकतो त्याच पातळीवर बसून काम करावे.

प्रत्यक्ष जुळवणी

आपल्या कानाच्या चांगल्या परिचयाची तीन ध्वनिमुद्रणे निवडावीत: एक केवळ बोलण्याचे, एक पखवाज-टाळ आणि गायकाचा आवाज असलेले, आणि एक भरगच्च वाद्यांचे. एकाच गाण्यावर जुळवले तर ती जुळवणी त्या गाण्यापुरतीच राहते. बोलण्याचे ध्वनिमुद्रण मी सर्वांत महत्त्वाचे मानतो, कारण माणसाचा खरा आवाज कसा असतो हे आपल्या कानाला पक्के ठाऊक असते आणि त्यातील खोट लगेच कळते.

नियम एकच ठेवावा: आधी कमी करून पाहावे. आवाज कोंदट असेल तर बेसला किंवा ट्रेबलला हात न लावता २०० ते ३०० हर्ट्झच्या भागात २ ते ३ डेसिबलची घट करावी. दहा बँडच्या इक्वलायझरमध्ये तो २५० चा स्लायडर असतो. अनेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये दिसणाऱ्या पाच बँडच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे ६०, २३०, ९१०, ३,६०० आणि १४,००० हर्ट्झमध्ये, तो २३० चा असतो. व्याख्यात्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानेच तो मोकळा होतो आणि शब्द वाढवण्याची गरजच उरत नाही. नाकातून बोलल्यासारखा आवाज येत असेल तर ८०० ते १,००० च्या भागात किंचित घट करून पाहावी. टाळ टोचत असतील, 'स' आणि 'श' कानाला लागत असतील, तर ५,००० ते ८,००० हर्ट्झमधील उंचवटा दोषी असतो. दहा बँडमध्ये ८,००० चा स्लायडर २-३ डेसिबलने खाली आणावा. ४,००० चा स्लायडर मात्र जपून हलवावा. शब्दांची स्पष्टता २,००० ते ४,००० हर्ट्झच्या व्यंजनांवर अवलंबून असते आणि कानाच्या नळीच्या लांबीमुळे याच भागात आपली श्रवणशक्ती सर्वांत तीक्ष्ण असते. तिथे एका डेसिबलचा फरकही जाणवतो.

घट करून झाल्यावरही बेस कमी वाटत असेल तर तो १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबलने वाढवावा, पण त्याच वेळी सगळे बँड एकत्र वर-खाली करणारा स्लायडर, म्हणजे प्रीअ‍ॅम्प तेवढाच खाली आणावा. सर्वांत जास्त वाढवलेला बँड ४ डेसिबलवर असेल तर प्रीअ‍ॅम्प उणे ४ वर असावा. शेजारचे दोन बँड वाढवले असतील तर त्यांचे परिणाम मध्ये एकमेकांत मिसळून थोडे अधिक भरतात, म्हणून आणखी एक डेसिबल सोडावा. ज्या इक्वलायझरमध्ये प्रीअ‍ॅम्प नाही तिथे हेच काम उलट्या रीतीने होते: बेस शून्यावर ठेवून बाकीचे सगळे बँड समान प्रमाणात खाली आणावेत आणि आवाजाचे बटण थोडे वाढवावे. फाटण्याची तक्रार याने थांबते. १६,००० च्या स्लायडरवर वेळ घालवू नये. कमी दर्जाच्या एमपीथ्री फाइलमध्ये, उदाहरणार्थ १२८ केबीपीएसच्या, साधारण त्याच्या वरचा भाग आधीच कापलेला असतो आणि वय वाढेल तसे ते स्वर कानालाही ऐकू येईनासे होतात.

आता खात्री करण्याचा भाग, ज्यात बहुतेक जण फसतात. दोन जुळवण्यांपैकी जी थोडी मोठ्याने वाजते ती कानाला 'चांगली' वाटते, मग ती चुकीची का असेना. इक्वलायझर चालू आणि बंद करून तुलना करताना दोन्हींचा मोठेपणा आवाजाच्या बटणाने सारखा करून घ्यावा आणि मगच निर्णय घ्यावा. शिवाय कान काही मिनिटांत कोणत्याही रंगाला सरावतो. त्यामुळे त्याच बैठकीत शेवटचा निर्णय न घेता दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने पुन्हा ऐकावे.

आपल्या हेडफोनचे मोजमाप उपलब्ध असेल तर सुरुवातीचे काम सोपे होते. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत केलेल्या श्रवणचाचण्यांतून २०१३ पासून एक लक्ष्य-आलेख, म्हणजे बहुतेक श्रोत्यांना आवडणाऱ्या आवाजाचा नमुना, पुढे आला, आणि याको पासानेन यांच्या 'ऑटोईक्यू' या मुक्त प्रकल्पात अनेक हेडफोनसाठी तशा आलेखाकडे नेणाऱ्या तयार जुळवण्या मिळतात. अँड्रॉइडवरील 'वेव्हलेट' हे अ‍ॅप त्याच वापरते. त्या चांगला पाया देतात. परंतु ८,००० हर्ट्झच्या वरचे मोजमाप प्रत्येक कानाच्या आकारानुसार आणि हेडफोन बसण्यानुसार बदलते, म्हणून त्या भागात आपल्या कानावरच विसंबावे.

जुळवणी आपोआप नाहीशी होत असेल तर

अँड्रॉइडवर पार्श्वभूमीत चालणारे इक्वलायझर अ‍ॅप बॅटरी वाचवणारी व्यवस्था बंद करून टाकते आणि सकाळी लावलेली जुळवणी दुपारी गायब होते. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा वापर 'अनरिस्ट्रिक्टेड' करावा. आयफोनमध्ये म्युझिकच्या सेटिंग्जमधला इक्वलायझर फक्त त्या एका अ‍ॅपला लागू होतो. यूट्यूबवरच्या कीर्तनावर त्याचा परिणाम होत नाही, आणि तो बिघाड नाही. विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ' हा संगणकाच्या ध्वनीवर चालणारा इक्वलायझर वापरणाऱ्यांना मोठ्या अपडेटनंतर किंवा ध्वनीचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) बदलल्यावर तो निष्प्रभ झालेला आढळतो. अशा वेळी पुन्हा सगळे काढून टाकण्याची गरज नसते. त्याच्याबरोबर आलेला उपकरण निवडण्याचा प्रोग्रॅम उघडून आपला हेडफोन पुन्हा निवडावा आणि संगणक एकदा बंद-चालू करावा. वायरचा हेडफोन आणि ब्लूटूथचा हेडफोन ही विंडोजच्या दृष्टीने दोन वेगळी उपकरणे आहेत, त्यामुळे दोन्ही निवडलेली असावीत. एखादा प्लेयर 'एक्सक्लुझिव्ह' पद्धतीने ध्वनी थेट उपकरणाकडे पाठवत असेल तर तो एपीओला वगळूनच जातो. आणि कोणत्याही उपकरणावर, जुळवणी पूर्ण झाली की तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

आवाजाच्या एकूण पातळीबाबत मी आग्रहाने सांगेन, कारण इक्वलायझरच्या खटपटीत ती नकळत वाढत जाते. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबलच्या सरासरीने (हे डेसिबल कानाशी पोहोचणाऱ्या आवाजाचे, स्लायडरवरचे नव्हेत) ऐकणे जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित मानते. ९० डेसिबलला ही मुदत आठवड्याला ४ तासांवर येते. कूलरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवून तासन् तास व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तरी ही मर्यादा ध्यानात ठेवावी आणि कानात नीट बसणारे रबर निवडावे, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत येणेच कमी होते.

काही ध्वनिमुद्रणे मात्र इक्वलायझरने सुधारत नाहीत. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खानदेशातील देवीच्या उत्सवाच्या, रात्री बायांनी म्हटलेली गाणी हल्ली मोबाइलवर टिपली जातात, आणि ढोलक मोबाइलच्या जवळ असेल तर माइकवरच लहरींचे माथे कापले जातात. जे मुद्रणातच फाटले ते हेडफोनवर जुळत नाही. ४,००० ते ८,००० चा भाग थोडा खाली आणून त्याची धार तेवढी कमी करता येते. अशी गाणी घरात पिढ्यान् पिढ्या ऐकण्यासारखी असतात, म्हणून पुढच्या वेळी मोबाइल ढोलकापासून दूर आणि गाणाऱ्या बायांच्या जवळ, त्यांच्या तोंडाच्या उंचीवर ठेवावा, आणि सुरुवातीलाच एक मिनिट टिपून हेडफोनवर ऐकून घ्यावे.